अंगावर काढलेलं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत कुणी आजारी पडत नाही. तसा लेखी नियम नाही, पण काउंटरच्या आत पंचवीस-तीस वर्षं घालवलेल्या कुणालाही विचारा. लग्नं, बारशी चुकवायची, दहाव्याला अर्धा दिवस मागून घ्यायचा आणि तापाला सांगायचं, बाबा रे, एक एप्रिलनंतर ये. २०१७ साली तर आम्ही आधीच पिळून निघालो होतो. आदल्या नोव्हेंबरातली नोटाबंदी, त्या रांगा, त्या शिव्या, रात्री साडेनऊ-दहापर्यंत जुळवलेली रोकड. त्यातून मान वर काढतोय तोच क्लोजिंग आलं.

रविवारी, २६ तारखेला संध्याकाळी घसा खवखवायला लागला. सोमवारी उठले ती अंग मोडूनच. डोळे जळजळत होते, पाठीत कुणी काठी घातल्यासारखं दुखत होतं. थर्मामीटर मी मुद्दामच लावला नाही. आकडा दिसला की घरात वाद होतो. दोन क्रोसिन, कपभर आल्याचा चहा, आणि दहाच्या ठोक्याला मी काउंटरवर. दिवसभर शिंकत होते. पदराला, रुमालाला, कधी नुसतीच मान वळवून. नोटा मोजायच्या मशिनला फाटक्या-चिकटलेल्या नोटा चालत नाहीत, त्या हातानंच मोजाव्या लागतात, आणि स्पंजची डबी त्या दिवशी कोरडी पडलेली. पुढचं सांगत नाही.

दुपारी मॅनेजर काउंटरपाशी थांबून म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणून अंगावर काढताय. हल्लीची पोरं असती तर एव्हाना व्हॉट्सॲपवर रजा टाकून झोपली असती." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. क्रोसिननं वाटलं नव्हतं एवढं बरं वाटलं.

अंगावर काढणं या शब्दांत आपल्याकडे कौतुकच असतं. दुखणं अंगावर काढून चार पोरांचं केलेल्या आया, ताप अंगावर काढून पेरणी उरकलेले आजोबा, हे आपल्या घराघरांतले वीरपुरुष. डॉक्टर रागावतात, "अंगावर का काढलंत?", तेव्हासुद्धा पेशंटच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान असतोच. आणि त्यात 'अंग' हे आपलं एकट्याचं असतं. दुखणं माझं, अंग माझं, सोसणार मी. तिसऱ्याचा संबंध येतो कुठे?

दुसऱ्या दिवशी पाडवा होता.

पाडव्याचं जेवण आत्याकडे, हा आमच्या घरातला नेम. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, मधुमेहाच्या गोळ्या वीसेक वर्षं चालू, पण रोज सकाळी सदाशिव पेठेतून निघून सारसबागेपर्यंत चालत जाणारी आणि परत येताना भाजीवाल्याशी भांडून येणारी. मी सकाळी फोनवर म्हटलंसुद्धा, "सर्दी झालीय गं, येऊ का नको?" ती म्हणाली, "सर्दीच ना? मग ये की. गरमागरम वरणभात खाल्लास की पळेल." मला तेवढंच हवं होतं. गुढीखाली तिनं कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग वाटून केलेली गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली. वर्षभर आरोग्य चांगलं राहावं म्हणून. माझ्या हातावर ठेवली तेव्हा माझा हात कढत लागला तिला. तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं, मग त्याच पदरानं स्वतःचं. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, कारण वाऱ्यानं गॅस विझतो. दीड तास आम्ही दोघी त्या आठ-बाय-दहाच्या खोलीत पुऱ्या लाटत, तळत, बोलत होतो.

शुक्रवारी तिला ताप आला. मला ते कळलं सोमवारी, कारण शुक्रवारी एकतीस मार्च होता. फोन केला तर म्हणाली, उतरलाय आता, साधं व्हायरल होतं. रामनवमीला तिनं सुंठवडासुद्धा केला आणि शेजारी वाटला. त्याच रात्री ताप परत चढला, आणि या वेळी धाप घेऊन. दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया म्हणाले. आठ एप्रिलच्या पहाटे तिला हृदयविकाराचा झटका आला. दाखल्यावर तेवढंच आहे. हृदयविकार.

दहाव्याला ओंकारेश्वरापाशी आतेभाऊ माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "तापाचं निमित्त झालं गं." आणि मी मान हलवली.

निमित्त. मराठीतला हा दुसरा शब्द, ज्यानं मला त्या वर्षी झोपू दिलं नाही. माणूस जायचाच होता, काळ आलाच होता, ताप आपला निमित्ताला टेकला. या शब्दात सांत्वन आहे, मी नाकारत नाही. मागे राहिलेल्यांना एकमेकांकडे बघता यावं म्हणून तो कामाला येतो. पण निमित्त म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. ताप कुठून आला, हे विचारायचं नसतं.

तो माझ्याकडूनच गेला, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आत्या रोज बाजारात जायची, देवळात जायची. तिची तपासणी झाली नाही, माझी तर नाहीच नाही. त्या मार्चपासून पुण्यात स्वाइन फ्लूचे रुग्ण वाढत होते, पेपरात रोज आकडे येत होते. वर्ष संपेपर्यंत महाराष्ट्रात साडेसातशेहून जास्त माणसं त्यानं गेली. त्या आकड्यात आत्या नाही. ज्यांच्या घशातून काडी फिरवली गेली आणि अहवाल आला, तीच माणसं त्या आकड्यात. बाकीची हृदयविकारात, दम्यात, 'वार्धक्य' या सरकारी खात्यात जमा. तीस वर्षं जमाखर्च लिहिलेल्या बाईला हे कळायला हवं होतं, की नोंद चुकीच्या खात्यात पडली म्हणून रक्कम नाहीशी होत नाही.

आत्या गेल्यावर मी वाचत सुटले. रात्री, झोप लागायची नाही तेव्हा. आणि वाचता वाचता पहिल्यांदा आठवली ती आजी, आत्याची आई.

आजीला जन्मतारीख माहीत नव्हती. ती वर्षं मोजायची ती घटनांवर. "मानमोडी आली तेव्हा मी आठ वर्षांची." एवढं एक तिच्या आयुष्यातलं खात्रीचं टोक, बाकी सगळा हिशेब तिथून पुढे-मागे. लहानपणी मला वाटायचं मानमोडी ही एखादी हडळ असावी, जी रात्री येऊन पोरांची मान मोडते. आजीनं तो गैरसमज कधी दूर केला नाही. एका अर्थी गैरसमज नव्हताच. कृष्णेकाठचं त्यांचं गाव. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता, जोंधळा करपला होता, माणसं आधीच अर्धपोटी. घटस्थापनेच्या सुमारास घरोघर ताप सुरू झाला. आधी आजीचे वडील पडले, मग चुलते. त्या सगळ्यांना पाणी पाजत, अंग पुसत, चूल पेटती ठेवत आजीची आई उभी होती. पुरुष उठून बसायला लागले तेव्हा ती पडली. "तिसऱ्या दिवशी तिनं मान टाकली," आजी सांगायची, "आणि तिच्यामागं अंगावर पिणारं बाळ." सरणाला लाकूड मिळेना म्हणून गोठ्याचे वासे काढले होते. त्या दिवाळीत गावात पणती लागली नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत ही १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. हिंदुस्थानात तिनं किती माणसं नेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन-दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं एकच दशक, ज्यात या देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या, आणि त्यातही वीस ते चाळीस वयाच्या. अर्धपोटी राहणाऱ्या त्याच आणि उशापायथ्याशी बसणाऱ्याही त्याच. हे वाचलं तेव्हा आजीची आई मला पहिल्यांदा दिसली. तोवर ती 'गेली' एवढंच माहीत होतं.

मुंबईत ती साथ कशी शिरली, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. १० जून १९१८ ला पोलीस रुग्णालयात सात शिपाई ताप घेऊन दाखल झाले, त्यातला एक गोदीवर पहाऱ्याला होता. आठ-दहा दिवसांत गोदी कामगार, पोर्ट ट्रस्ट, तारखातं, टाकसाळ, एक गिरणी, आणि एक बँक, सगळीकडे माणसं आडवी झाली. 'बँक' या शब्दापाशी मी थबकले. कुणीतरी तिथंही दोन शिंका रुमालात दाबून दहाच्या ठोक्याला काउंटरवर बसलंच असणार. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी लिहून ठेवलंय, की ही साथ रात्रीच्या चोरासारखी आली. मेअखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजावर त्यांनी ठपका ठेवला. सरकार म्हणालं, जहाजावरच्यांनाच मुंबईनं ताप दिला. कुणाचा ताप कुणाला लागला यावर तेव्हाही भांडणच होतं. बरं वाटलं थोडं.

पण खरी थरकाप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे. जूनमधली ती साथ तशी सौम्य होती. तीन-चार दिवस ताप, अंगदुखी, आणि बहुतेक माणसं परत कामावर. जुलैअखेर ओसरलीसुद्धा. लोक म्हणाले असतील, साधा ताप होता. सप्टेंबरात तोच ताप परत आला, आणि ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. त्यातली बरीचशी केवळ फ्लूनं नाही. फ्लूनं फुफ्फुसाची दारं उघडून दिली आणि मागून जिवाणूंचा न्यूमोनिया शिरला. ताप उतरतो, माणूस उठून बसतो, आणि मग परत चढतो. म्हणजे सुंठवडा करून होतो, आणि मग.

मरणसुद्धा सगळ्यांना सारखं वाटलं गेलं नाही. मुंबईतल्या युरोपियनांमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी ८.३ होतं, आणि हिंदूंमधल्या ज्यांना खालच्या जातीचे म्हटलं जाई त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणू काही पत्रिका बघून येत नाही. चाळीतल्या एका खोलीत दहा माणसं, आणि एक दिवस काम बुडालं तर चूल बंद, या दोन गोष्टी त्याला पुरतात.

आता २००९. पुण्यातल्या कुणालाही ते ऑगस्टचे दिवस विसरता यायचे नाहीत. ३ ऑगस्टला आपल्या शहरातली चौदा वर्षांची शाळकरी मुलगी गेली; स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू. दोन दिवसांत शहराचा चेहरा झाकला गेला. पुण्याच्या मुली तसाही गाडीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळतातच, आता त्यांचे बापही गुंडाळायला लागले. शाळा बंद, थिएटरं बंद, मॉल बंद. एन-९५ मास्क काळ्या बाजारात. नायडू रुग्णालयाबाहेर ताप असलेल्यांची आणि तापाची नुसती भीती वाटणाऱ्यांची एकच लांब रांग. माझा मुलगा तेव्हा चौथीत. त्याच्या खिशात मी कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी ठेवली होती, कारण सोसायटीतल्या सगळ्यांनी ठेवली होती. बाजारात कापूर मिळेनासा झाला. गणपतीत आरतीला कापूर नाही म्हणून आमच्याकडे तुपाच्या वाती लावल्या.

कापरानं काही होत नाही, हे आता मला माहीत आहे. त्याचा वास घेतला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. पण त्या पुरचुंडीकडे मी आता हसून बघू शकत नाही. त्या महिन्यात आम्ही निदान ताप आलेल्याला घरी बसवत होतो. शिंक आली की माणूस ओशाळायचा. पुढल्या वर्षी, १० ऑगस्ट २०१० ला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ संपल्याचं जाहीर केलं, आणि आम्ही सुटलो. विषाणू मात्र कुठंही गेला नव्हता. तोच एच१एन१ आता दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूतला एक नेहमीचा गडी होऊन बसलाय. त्याची काही जनुकं १९१८ च्या विषाणूच्या वंशातली आहेत, मधली नव्वद वर्षं डुकरांमध्ये काढून परत माणसात आलेली. म्हणजे आजीची मानमोडी आणि मी काउंटरवर शिंकत होते ते, जर ते तेच असेल तर, एकाच भावकीतलं. आजीनं तिला जे नाव दिलं ते ऐकून माणूस अंथरुणातून उठला नसता. आम्ही तिला 'व्हायरल' म्हणतो.

नावानं फार फरक पडतो. 'सर्दी-पडसं' म्हटलं की त्यात सगळं मावतं. नाक गळणं, शिंका, आठवडाभरात बरं, अशी जी सर्दी ती बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसची. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून ती जन्मभर होतच राहते. फ्लू वेगळा. तो असा सावकाश येत नाही, अंगावर कोसळतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी पांघरुणात. पण गंमत अशी, की माझी साधी सर्दी तान्ह्या बाळाच्या किंवा दमेकऱ्याच्या छातीत उतरली की तिथं साधी राहत नाही. साधेपणा हा सर्दीचा गुण नाहीच, तो ज्याला झाली त्याच्या प्रकृतीचा गुण. धडधाकट माणसांनी आपल्यावरून तिचं नाव ठेवलंय.

आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट होता. शुक्रवार ते पुढचा शनिवार. मी बोटांवर मोजलं.

जगात दरवर्षी फ्लूमुळे श्वसनाचे आजार होऊन २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. महासाथ नसलेल्या, अगदी शांत वर्षांत. एवढी माणसं दुसऱ्या कशानं मेली असती तर आपण त्याला काहीतरी नाव दिलं असतं. कोंबड्यांच्या बाबतीत आपण दिलंच की. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सरकारनं दिवसरात्र एक करून लाखो कोंबड्या मारल्या, पुरल्या, पुण्यामुंबईत अंड्याला कुणी हात लावेना. कोंबडीला ताप आला तर जिल्हा हलतो. कारकुनाला आला तर त्याची पाठ थोपटतात.

लशीचंही असंच. मला बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, की फ्लूची लस मोठ्या माणसांनी दरवर्षी घ्यायची असते. दरवर्षी का, तर हा विषाणू थोडाथोडा बदलत राहतो. चेहरा तोच, पण मिशी काढतो, भांग बदलतो, आणि आपल्या शरीरातला पहारेकरी त्याला ओळखत नाही. २००९ पासून लशीत एच१एन१ चा जो 'कॅलिफोर्निया' नमुना होता तो नेमका २०१७ साठी बदलून 'मिशिगन' घ्यावा लागला. त्या वर्षी आपल्याकडे फिरत होता तो याच नव्या वळणाचा. लस काही कवचकुंडलं नाही. नमुना जुळला तर फ्लूसाठी दवाखान्याची पायरी चढण्याची शक्यता चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी होते, आणि अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. पण बँकेत कुणी मला चाळीस टक्के सूट देतो म्हणालं असतं तर मी रांग लावली असती! आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात असते, म्हणून लस एप्रिल-मेमध्ये घ्यायची. आजी म्हणायची, "पावसात भिजू नको, पडसं होईल." पावसानं विषाणू जन्मत नाही, पण पाऊस आला की आपण खिडक्या लावून घेतो, ओल्या छत्र्यांसकट बसमध्ये कोंबून उभे राहतो आणि एकमेकांचा श्वास घेतो. निम्मं बरोबर होतं तिचं.

आता मी दर मे महिन्यात जाऊन लस टोचून घेते. दीड-दोन हजार लागतात, आणि डॉक्टर दरवेळी विचारतात, "कुठं परदेशी चाललात का?"

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याला ताप आला की काहीतरी 'स्ट्राँग' हवं असतं. पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लिहून दिला नाही तर डॉक्टर बदलतो आपण, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही हे डॉक्टरला माहीत असूनही तो लिहितो, कारण त्यालाही दुकान आहे. फ्लूवर ज्याचा उपयोग होतो त्या ऑसेल्टामिव्हिरचा खरा फायदा पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत. ते अठ्ठेचाळीस तास आपण अंगावर काढण्यात घालवतो. आत्याच्या बाबतीत तरी तेच झालं. तिसऱ्या दिवशी जे लिहून दिलं ते होतं अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध आणि ब जीवनसत्त्व.

आणि रजा. माझ्याकडे २०१७ च्या मार्चमध्ये आजारपणाची कितीतरी रजा शिल्लक होती, पगारी. मला कुणी अडवलं नव्हतं. मी गेले ती शाबासकीसाठी, आणि 'मॅडम नव्हत्या म्हणून बॅलन्स जुळला नाही' हे कुणी म्हणू नये म्हणून. हे शिकवलं शाळेनंच. चौथीत मला शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस मिळालं होतं, स्टीलचं फुलपात्र, अजून आहे. त्या वर्षी गोवर सोडून सगळं घेऊन मी वर्गात बसले असेन. माझ्या मुलाच्या शाळेतही ते बक्षीस होतं, २००९ च्या आधीही आणि, हद्द म्हणजे, नंतरही. कोरोनानंतर तरी बंद झालं असेल असं वाटलं होतं. परवा शेजारच्या मुलीनं सर्टिफिकेट दाखवलं. लॅमिनेट केलेलं.

कोरोनावर मी काही लिहीत नाही, सगळ्यांनी सगळं लिहून झालंय. एवढंच सांगते, की २०२१ मध्ये जे लोक मास्कशिवाय लिफ्टमध्ये येऊ देत नव्हते, तेच आता सर्दीत मास्क लावून गेलं तर लांबूनच विचारतात, "काय हो, पॉझिटिव्ह का?" आणि हसतात. मास्क म्हणजे आता गुन्ह्याची कबुली. उघडं शिंकणारा बिचारा साधासुधा माणूस.

गेल्या वर्षी भाचीच्या मुलीचं बारसं होतं. आदल्या दिवसापासून माझं नाक गळत होतं, ताप नव्हता. मी जाणार नाही म्हटल्यावर बहिणीनं फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. सारांश असा, की सर्दीच तर आहे, आणि तुला आत्याचं वेड लागलंय. लागलंय. व्हिडिओ कॉलवर मी पाळणा ऐकला. कुणीतरी फोन फळीवर उलटा ठेवला होता, त्यामुळे मला तासभर छताचा पंखा दिसला आणि गोविंद घ्या, गोपाळ घ्या ऐकू आलं. बहीण महिनाभर बोलली नाही.

आपण स्वतः घरी बसणं हे मात्र त्यातल्या त्यात सोपं. माझ्याकडे निवृत्तिवेतन आहे, खोली आहे, दार लावून घेता येतं. आमच्याकडे मावशी येतात कामाला, धुणं-भांडी, लादी. त्या चार घरं करतात. कारखान्यात कामाला असत्या तर कामगार राज्य विम्यातून आजारपणात सत्तर टक्के पगार तरी मिळाला असता. घरकामाला तसलं काही नाही. त्यांच्या दुनियेत रजा हा शब्दच नाही, 'खाडा' आहे. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, असा आमच्या सोसायटीतला रिवाज. तो कुणी ठरवला हे विचारू नका. ज्या मीटिंगमध्ये ठरला तिला मी हजर होते, आणि मीही हात वर केला होता. २०११ साली.

ऑगस्टमधली गोष्ट. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. सकाळी सातला मावशींचा फोन.

"ताई, अंगात कसर वाटतीया. घसाबी धरलाय. येऊ का?"

मी म्हटलं, "मुळीच येऊ नका. झोपून राहा. ताप बघा, धाप लागली तर लगेच मला फोन करा. बरं वाटेपर्यंत यायचं नाही, आणि पैसे कापणार नाही मी, चार दिवस लागू देत नाहीतर आठ."

पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला. मग म्हणाल्या, "बरं."

मला स्वतःचं कौतुक वाटलं. तेच जुनं, काउंटरवरचं बरं वाटणं. साडेदहाला मी मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. डक्टमधून वरच्या घराचं सगळं ऐकू येतं. भांड्यांचा आवाज आला, नळ, आणि मग खोकला. कोरडा, लांब, मध्ये दम घेऊन परत. वरच्या घरात एक आजोबा आहेत, ऑक्सिजनचं मशिन लावलेले. मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. वर जावं, तर वहिनींना काय सांगायचं? की तुमची बाई आजारी आहे, तिला घालवा? म्हणजे तिचं तेही काम गेलं. खाली मीटिंगची वही आहेच, माझ्या सहीची.

संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या. तोंडाला पदर, डोळे लालबुंद. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "झोपले की ताई. तुमच्या घरचे दोन तास झोपले. वरच्या वहिनी खाडा धरतात."